आसरा, चकवा, वेताळ आणि आपलं शहर: खेळायला येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगरात दर शनिवारी रात्री आम्ही पाच-सहा जण टेबलाभोवती बसून एक गोष्ट खेळतो. गोष्ट आजच्या शहरातली असते. जालना रोडची वाहतूक, सिडकोतले टँकर, वाळूजच्या रात्रपाळ्या, सगळं जसंच्या तसं. फरक एवढाच की आजी ज्यांची नावं हळू आवाजात घ्यायची ते सगळे या शहरात खरोखर आहेत. नवीन माणूस आला की तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

हा खेळ नेमका कसा असतो?

एक जण खेळ चालवतो, त्याला आम्ही गेम मास्टर म्हणतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. गेम मास्टर प्रसंग सांगतो, तुम्ही तुमचं पात्र काय करतं ते सांगता आणि जिथे काय होईल याची खात्री नसते तिथे फासे पडतात. अमेरिकेत १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हापासून या प्रकारचे खेळ आहेत. आम्हाला त्यातले ड्रॅगन नकोत, पण टेबलाभोवती बसून गोष्ट रचण्याची रीत त्यांचीच आहे.

परी तर गोड असते. ती धोकादायक कशी?

आपल्या आसरांची ओळख करून देताना मी परीचं नाव घेतो, तेव्हा हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि तो बरोबरच आहे. ‘परी’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, पुढे लेकीचं लाडाचं नाव झाला. पंख आणि कांडी घेतलेली चिमुकली परी मात्र इंग्रजी चित्रांच्या पुस्तकांतून आली. आयर्लंड-स्कॉटलंडच्या खेड्यांतली माणसं ज्यांना भीत ती ही परी नव्हे. त्यांची परी माणसाएवढी असे, टेकडीच्या पोटात राही, दूध नासवी, पोर पळवी, आणि तिच्या घरचं अन्न खाल्लेला माणूस परत येत नसे. लोक तिचं नावसुद्धा घेत नसत. आयर्लंडमध्ये ‘भली माणसं’ म्हणत, वेल्समध्ये ‘गोरं कुटुंब’. स्कॉटलंडमधल्या अॅबरफॉइल गावचा पाद्री रॉबर्ट कर्क याने या मंडळींविषयीच्या समजुती लिहून काढल्या. १६९२ मध्ये तो गेला, तेव्हा तो मेला नाही, टेकडीतल्यांनी त्याला नेला, अशी गोष्ट झाली. ती तिथे अजून सांगतात.

आता आपल्याकडे बघा. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. गोवर-कांजिण्या आल्या की ‘देवी आली’, ‘बाया आल्या’. विहिरीवरच्या आसरांना माउल्या. जिची भीती वाटते तिला चांगलं नाव द्यायचं, म्हणजे ती चांगली वागेल, ही युक्ती दोन्हीकडची सारखीच आहे. म्हणून मी खेळणाऱ्यांना सांगतो, परी हा शब्द ऐकून हसू नका, आपल्या घरात तिची जात-भाऊकी आहे.

आसरा म्हणजे आपल्या पऱ्याच का?

जवळच्या आहेत, पण त्याच नाहीत. अप्सरा या शब्दाचं लोकांच्या तोंडी झालेलं रूप म्हणजे आसरा. सात बहिणी. विहिरीच्या काठाला, बारवेच्या कोनाड्यात, नदीच्या डोहाजवळ शेंदूर लावलेले सात तांदळे, म्हणजे देव मानलेले अनघड दगड, दिसले की समजायचं. हिरवा खण, बांगड्या, हळद-कुंकू, दहीभात एवढा त्यांचा मान. भर दुपारी बाराला विहिरीवर एकटं जाऊ नये, ओल्या बाळंतिणीने तर मुळीच जाऊ नये, असं माझी आजी सांगायची. ती कारण सांगायची नाही. ‘त्या न्हायला येतात’ एवढंच म्हणायची. लहानपणी मला त्या वाक्यात भीतीपेक्षा अदब जास्त ऐकू यायची. खेळ चालवताना मी तोच सूर धरतो.

आमच्या खेळातल्या आसरा दुष्ट नाहीत. त्या पाण्याच्या मालकिणी आहेत. पाणी त्यांचं आणि तुम्ही उसनं घेता, हे त्या गृहीत धरतात. तुम्ही मालक असल्यासारखं वागलात की घात. बुडालेल्या पोराबद्दल त्यांना वाईट वाटत नाही, कारण त्यांच्या लेखी ते पोर त्यांच्या घरी राहायला आलेलं असतं. खेळताना काटा येतो तो इथे. त्या रागाने बोलतच नाहीत. पाहुण्याला आग्रह करावा तसं ‘थांब की अजून’ म्हणतात.

विहीर आटली तर आसरा कुठे जातात?

आमचा सगळा खेळ या एका प्रश्नातून उभा राहिला.

मराठवाड्याखाली काळा पाषाण आहे. पावसाचं पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जेवढं थांबेल तेवढंच आपलं. जुन्या विहिरी आणि बारवा त्या वरच्या थरावर जगत होत्या. मग बोअर आल्या. शेजारच्या रानात कित्येक शे फूट खोल बोअर चालू झाली की इकडची उथळ विहीर कोरडी पडते, हे प्रत्येक शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. सात तांदळे काठावर तसेच आणि खाली नुसते दगड आणि प्लास्टिक. मला नेहमी वाटायचं, त्या सात जणी आता काय करत असतील?

खेळातलं उत्तर असं: त्या पाण्याच्या मागे गेल्या. पाणी टँकरमध्ये गेलं तर त्या टँकरवर बसल्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा आमच्या गोष्टीत त्या वाघिणींवर सात जणी बसून आल्या आणि लातूरच्या सात जणींशी त्यांचा उभा दावा लागला. कारण मिरजेच्या बहिणींना कृष्णेची सवय, त्या पाणी सांडून टाकतात.

दुसऱ्या बाजूला पैठण. जायकवाडी धरण १९७६ मध्ये झालं, नाथसागर भरला, गावं उठली आणि त्या गावांच्या विहिरी पाण्याखाली गेल्या. आटून मेलेली विहीर वेगळी आणि बुडून मेलेली वेगळी. तिथल्या आसरांना पाणी मुबलक आहे, पण मान द्यायला गाव नाही. आणि संभाजीनगर पितं ते पाणी तिथलंच. पाइपातून चढत चढत त्या शहरात येतात. अनेक वस्त्यांत नळाला काही काही दिवसांनी पाणी येतं. ते आलं की बायका रात्री दोनला उठून भांडी लावतात. त्या वेळी नळाच्या पहिल्या फुसफुसाटात जो आवाज येतो, तो आमच्या खेळात नुसत्या हवेचा नसतो.

त्यांना मारायला किती ताकद लागते?

मारता येत नाही. हे आधीच सांगतो, कारण सुरुवातीला मी ही चूक केली. आसरांना मी ताकदीचे आकडे दिले, एका पात्राने बंदूक काढली, अर्ध्या तासात सातही जणी संपल्या आणि टेबलावरचे सगळे जांभया द्यायला लागले. आकडा दिला की तो शून्यावर आणता येतो. तेव्हापासून प्रत्येक अस्तित्वासाठी मी कागदावर तीनच ओळी लिहितो: हद्द, मान, बोल. हद्द म्हणजे त्याची सत्ता कुठून कुठपर्यंत. मान म्हणजे त्याला काय दिलं पाहिजे. बोल म्हणजे त्याला दिलेला शब्द मोडला तर काय होतं.

फासे दोन, लुडोतले साधे. बेरीज दहा किंवा जास्त आली तर तुमचं म्हणणं सरळ खरं होतं. सात ते नऊ आली तर होतं, पण काहीतरी द्यावं लागतं. सहा किंवा कमी आली तर पुढचं मी ठरवतो. दोन फाशांची ३६ रूपं असतात. त्यांतली सहा पहिल्या घरात पडतात, पंधरा दुसऱ्यात, पंधरा तिसऱ्यात. म्हणजे निखळ यश सहातून एकदाच. हे मुद्दाम तसं आहे. मात्र मान दिला असेल तर बेरजेत एक मिळवायचा. मग ३६ पैकी दहा वेळा निखळ यश मिळतं आणि वाईट घरसुद्धा पंधरावरून दहावर येतं. एक खण आणि दहीभात यांनी एवढा फरक पडतो, हे कळलं की खेळणारे आपोआप बंदूक विसरतात.

शब्द मोडला तर खरंच काही होतं का, की नुसती भीती?

होतं. आमच्यातली एक जण टँकर चालवणाऱ्या बाईचं पात्र खेळते. बंद पडलेला टँकर हलावा म्हणून तिने रस्त्यावरच आसरांना शब्द दिला, ‘प्रत्येक खेपेची पहिली घागर तुमची’. त्या क्षणी सगळ्यांना तो स्वस्त सौदा वाटला. पहिली घागर जमिनीवर ओतायची, बस. मी काही बोललो नाही. तीन शनिवारांनंतर टँकर एका वस्तीत शिरला. तळाशी जेमतेम एक घागर उरली होती, त्या खेपेची आसरांची घागर अजून ओतायची होती आणि समोर तापलेलं लेकरू कडेवर घेतलेली आई. टेबलावर पाच मिनिटं कोणी बोललं नाही. शेवटी तिने ती घागर आईला दिली.

आसरांनी तिला शिक्षा केली नाही, मी तसं सांगितलंही नाही. ‘तू पाहुण्याला दिलंस, ठीक आहे. मग तुझ्या वाट्याचं आम्ही घेतो,’ एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या पात्राला पाण्याची चव लागत नाही. ती पाणी पिते, जगते, पण तहान भागल्याचं समाधान तिला कधीच मिळत नाही. ती खेळाडू अजून तेच पात्र खेळते, बदलायला तयार नाही.

लोखंड चालतं का?

चालतं, आणि याचा मला फार आनंद होतो. युरोपात पाळण्यावर लोखंडी कात्री टांगत, परीने मूल बदलू नये म्हणून. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात, नवरदेवाच्या हातात कट्यार देतात. हजारो कोस लांबच्या दोन खेड्यांना एकच उपाय सुचला. पण खेळात लोखंड फक्त अडवतं. उंबऱ्यावर विळा असेल तर आत येणार नाही. बाहेर उभं राहून हाक मारायला त्याची काही हरकत नसते.

रात्री हाक आली तर ओ द्यायची का?

तिसऱ्या हाकेशिवाय नाही. हा नियम मी जसाच्या तसा घेतला. शहरात हाकेऐवजी फोन येतो. मध्यरात्री ओळखीच्या नंबरवरून एकदा वाजतो आणि बंद होतो. दुसऱ्यांदा वाजतो. तिसऱ्यांदा वाजला तर माणूस, कारण ‘ते’ तिसऱ्यांदा बोलावत नाहीत. अडचण अशी की खरंच आईचा फोन असेल आणि तिच्याकडे दोनच रिंगांपुरती बॅटरी असेल तर? एवढ्यावर आमची एक अख्खी रात्र गेली आहे.

चकवा गुगल मॅपवर चालतो का?

फार छान चालतो. चकवा लागलेला माणूस रात्रभर एकाच रानात फिरतो आणि उजाडल्यावर कळतं की घर शंभर पावलांवर होतं. वाळूजच्या एमआयडीसीत रात्रपाळी सुटल्यावर सारखेच पत्रे, सारखीच गेटं, सारखेच दिवे. तिथे चकव्याला काही वेगळं करावंच लागत नाही. नकाशावरचा निळा ठिपका पुढे सरकतो आणि तुम्ही पुन्हा त्याच चहाच्या बंद टपरीपाशी. उपाय जुनाच: थांबा, खाली बसा, उजाडेपर्यंत हलू नका. आयर्लंडमध्ये अशाच प्रकाराला भुलीच्या ढेकळावर पाय पडला म्हणतात आणि अंगरखा उलटा घालतात. आमच्या एका खेळाडूने कंपनीचा गणवेश उलटा घातला. मी मान्य केलं. तिथे बसून राहायला मात्र धीर लागतो, आणि ज्या पात्राला घरी कोणीतरी वाट बघतं आहे त्याला तो नसतो. चकवा अशाच माणसाला निवडतो.

मुंजा?

मुंज झालेला, सोडमुंज न झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा. पिंपळावर राहतो. आमच्या खेळात तो बारा वर्षांचाच आहे, हट्टी आहे, एकटा आहे. रस्ता रुंदीकरणात त्याचा पिंपळ जाणार आहे. त्याच्याशी खेळायला बसलं तर तो काहीही सांगतो, पण खेळ अर्धा सोडून उठायचं नाही.

वेताळाची स्वारी दिसली तर काय करायचं?

अमावास्येच्या रात्री वेताळ आपलं सैन्य घेऊन निघतो, मशाली लांबून दिसतात. उत्तर युरोपातही आकाशातून जाणाऱ्या अशाच रानटी शिकारीची कथा आहे. आमची स्वारी दिल्ली दरवाज्यातून आत येते. शहराला बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात, त्यांतले थोडेच उभे आहेत. पण वेताळाला पडलेले दरवाजेही दिसतात, म्हणून तो भिंतींतून, दुकानांतून, कोणाच्या तरी बेडरूममधून जातो. जिथे कधी दरवाजा होता तिथे त्याला वाट आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये हे शहर खडकी या नावाने वसवलं, तेव्हापासूनच्या शहराचा नकाशा वेताळाच्या डोक्यात आहे. नवा नकाशा त्याने पाहिलेला नाही. समोर आलात तर बाजूला व्हा, नजर खाली आणि मोजू नका. मोजणारा शेवटचा धरला जातो.

सटवाई पण खेळात आहे?

आहे, पण ती दिसत नाही. बाळाच्या पाचवीला कोरा कागद आणि पेन ठेवतात, रात्री ती येऊन नशीब लिहून जाते. आमच्या खेळात प्रत्येक पात्राचा तसा एक कागद आहे, बंद पाकिटात, माझ्याकडे. त्यावर एकच वाक्य असतं. आजवर एकाच पाकिटाचं तोंड उघडलं. काय होतं ते मी इथे लिहिणार नाही.

आयरिश, स्कॉटिश परी आपल्या शहरात आणता येतील का?

आणू नका. स्कॉटलंडच्या सीमेवरचा लाल टोपीवाला ओसाड किल्ल्यात राहतो आणि वाटसरूंच्या रक्तात टोपी बुडवतो. तो तिथल्या लढायांतून जन्मला, देवगिरीवर त्याचं काय काम? देवगिरीला स्वतःची अंधारी आहे, किल्ल्याच्या पोटातून वर चढणारी काळोखी वाट. त्या वाटेत काय राहतं ते त्या किल्ल्याच्या इतिहासातून शोधा. एखाद्याचं पात्र डब्लिनला नोकरी करून परत आलं असेल आणि तिथून काही मागे लागलं असेल तर गोष्ट वेगळी. मग ते इथे परकं आहे. त्याला इथली भाषा येत नाही आणि आसरा त्याला पाणी देत नाहीत.

जिन, पीर, दर्गे? हे शहर त्यांचंही आहे.

नक्कीच आहे. परी आणि जिन यांच्या गोष्टी या शहरात उर्दूतून तेवढ्याच सांगितल्या जातात आणि आमच्या टेबलावर त्या सांगणारे मित्र आहेत. नियम एकच: ज्याच्यावर आज कोणाची श्रद्धा आहे त्याला फासे टाकायचे नाहीत. दर्गा, मंदिर, गुरुद्वारा ही खेळात आश्रयाची जागा असते, तिथे काही शिरत नाही. जिन आणायचा असेल तर ज्याच्या घरी ती गोष्ट सांगितली जाते त्याने आणावा आणि त्याचे नियम त्याने सांगावेत.

हडळ आणि डाकीण का नाहीत?

हा निर्णय मी ठाम घेतला आहे.

हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा गरोदरपणी गेलेली बाई. पहिल्या वर्षी मी ती खेळात आणली, उलटे पाय, मोकळे केस, सगळं. टेबलावरची एक मैत्रीण हळूच उठून गच्चीवर गेली. तिच्या घरात असा मृत्यू झाला होता. मी तिची माफी मागितली. त्या रात्रीपासून हडळ बंद. मेलेल्या बाईला आपण राक्षसीण करून ठेवलं, यात खरी भीती कोणाची होती हे कळायला मला ती रात्र लागली.

डाकीण तर जिवंत बाईला म्हणतात. आयर्लंडच्या टिपरारी परगण्यात १८९५ मध्ये ब्रिजेट क्लिअरी नावाच्या २६ वर्षांच्या आजारी बाईला तिच्या नवऱ्याने जाळून मारलं. ही माझी बायको नव्हे, परींनी बदलून ठेवलेली कोणीतरी आहे, असं तो म्हणत होता. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, पंधरा वर्षांनी सुटला. परीकथा एवढ्या जवळ येऊ शकते. आपल्याकडे करणी-भानामतीच्या संशयावरून बायकांना मारहाण झाली आहे. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्याच आठवड्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. माझ्या टेबलावर कोणतंही पात्र कोणत्याही माणसाला डाकीण ठरवणार नाही, गंमत म्हणूनही नाही.

याच कारणाने आणखी दोन गोष्टी बंद आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात गेलेली माणसं आणि आत्महत्या केलेले शेतकरी, यांची भुतं होणार नाहीत. त्यांची घरं अजून आहेत.

अशाने अंधश्रद्धा वाढत नाही का?

टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की आसरा फाशांवर चालतात. माझा अनुभव असा की जो माणूस चार शनिवार चकव्याचे नियम बनवतो, तो पाचव्या शनिवारी विचारतो की रात्री माणूस गोल का फिरत असेल. विहिरीत पडलेल्या पोराला आसरांनी ओढलं असं म्हणण्याआधी त्या विहिरीला कठडा होता का, हे विचारायची सवय आम्हाला या खेळानेच लागली. आणि ज्याला कोणाला त्रास होतो त्याला दवाखान्यात नेतात, आमच्या खेळातसुद्धा.

मध्येच नको वाटलं तर?

टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं कार्ड असतं. त्यावर बोट ठेवा, प्रसंग तिथेच थांबतो. कारण विचारत नाही.

लहान मुलांना आणलं तर चालेल?

चौदाच्या पुढच्यांना, आई-वडिलांना विचारून. त्याहून लहानांसाठी दुपारी फक्त मुंजाचा खेळ घेतो.

पहिल्या रात्री काय घेऊन यायचं?

पेन्सिल. फासे आमच्याकडे आहेत. आणि एक विहीर. तुमच्या गावची, मामाच्या गावची, कोणतीही. एक जण परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव घेऊन आला होता. एकीने आणली ती गुलमंडीमागच्या वाड्यातली, फरशी टाकून बुजवलेली. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तिथे कोण राहायचं, तिथे काय करायचं नाही. त्यांना आठवायला वेळ लागतो, घाई करू नका. आमच्याकडे एक जाड वही आहे, त्यात प्रत्येक नव्या माणसाची विहीर लिहितो आणि तुमच्या पात्राची हद्द तिथून सुरू होते. विहिरीचं नाव, गावाचं नाव आणि ती सध्या भरलेली आहे की कोरडी, एवढं लिहून आणा.